ठिपकेदार पतंग आणि डिंकाची गोष्ट

इंग्लंडमधल्या ठिपकेदार पतंगाबद्दल, म्हणजे पेपर्ड मॉथबद्दल, एक मजकूर सतत फिरत असतो: उत्क्रांतीचा हा पुरावा बनावट आहे. मेलेले पतंग खोडाला डिंकाने चिकटवले होते, हे पतंग खोडावर बसतच नाहीत, आणि काळे-फिकट दोन्ही पतंग आधीपासून होतेच. यात थोडं खरं मिसळलेलं आहे, म्हणून तो पटतो, आणि म्हणूनच मला तो जास्त खटकतो.

हा पतंग मुळात फिकट पांढरा, अंगावर मिरपूड भुरभुरावी तसे ठिपके. दगडफुलाने माखलेल्या सालीवर बसला की डोळ्यांसमोर असून दिसत नाही. १८४८ मध्ये मँचेस्टरला एक काळा पतंग सापडला. कारखान्यांच्या काजळीने झाडं काळवंडत गेली, त्यावर फिकट पतंग पक्ष्यांना सहज दिसू लागले आणि १८९५ पर्यंत तिथले ९८ टक्के पतंग काळे झाले.

डिंकाचं म्हणाल, तर पुस्तकांतले काही फोटो मेलेले पतंग मांडून काढलेत, हे कबूल. पण मोजणी फोटोंवरून झालेली नाही. जीवशास्त्रज्ञ बर्नार्ड केटलवेल यांनी १९५३ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या रानात जिवंत पतंगांवर रंगाची खूण करून ते सोडले आणि पुन्हा पकडले. काळ्यांपैकी २७.५ टक्के परत मिळाले, फिकटांपैकी १३. १९५५ मध्ये डॉर्सेटच्या स्वच्छ रानात नेमकं उलट झालं.

खोडाचा आक्षेप मात्र वजनदार आहे. केटलवेल यांनी पतंग दिवसा खोडांवर ठेवले, तेही फार दाटीने. ही चूक शास्त्रज्ञांनीच दाखवली आणि केंब्रिजचे जीवशास्त्रज्ञ मायकेल मजेरस यांनी ती निस्तरायला सहा वर्षं घातली. केंब्रिजजवळच्या आपल्या बागेत रात्री फांदीभोवती जाळी बांधायची, आत पतंग सोडायचा, बसायची जागा त्याची त्याने निवडायची. उजाडण्याआधी जाळी काढायची आणि सूर्योदयानंतर चार तासांनी पतंग जागेवर आहे का ते बघायचं. असे ४,८६४ पतंग! नऊ जातींचे पक्षी पतंग टिपताना त्यांनी दुर्बिणीतून स्वतः पाहिले. झाडांवर शोधलेल्या १३५ पतंगांपैकी एक तृतीयांशाहून जास्त खोडांवरच होते, बाकीचे बहुतेक फांद्यांवर. तोवर झाडांवरची काजळी गेली होती, त्यामुळे काळ्यांची वाचण्याची शक्यता दर दिवशी फिकटांपेक्षा सुमारे दहा टक्के कमी भरली. निष्कर्ष छापून येण्याआधीच, २००९ मध्ये मजेरस वारले. त्यांच्या नोंदी इतर शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्या वाचल्यावर कुणी 'बनाव' हा शब्द सहज वापरला की मला मनापासून वाईट वाटतं.

'दोन्ही आधीपासून होतेच' याला उत्तर २०१६ मध्ये मिळालं. कॉर्टेक्स नावाच्या जनुकात डीएनएचा सुमारे २२ हजार अक्षरांचा एक उडता, म्हणजे जागा बदलत फिरणारा, तुकडा घुसला आणि पंख काळे झाले. ही घटना साधारण १८१९ च्या आसपासची, असा हिशेब निघाला. म्हणजे बदल नवा होता, आणि पक्ष्यांच्या चोचीने तो फैलावला. 'पण पतंग पतंगच राहिला' हेही ऐकू येतं. त्याचा पक्षी होईल असं कुणी म्हटलंच नव्हतं. एखाद्या जातीत जनुकांचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या बदलत जाणं यालाच उत्क्रांती म्हणतात.

१९५६ मध्ये ब्रिटनमध्ये हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा झाला, काजळी ओसरली, सालीवर दगडफूल परतलं. आणि १९७० नंतर काळे पतंग झपाट्याने कमी होत गेले, ते आता तिथे क्वचितच दिसतात.