पाणी येईल, मीठ कुठे जाईल?

वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कालव्याशिवाय दुसरा विषय नाही. गोसीखुर्द धरणाचं पाणी सव्वाचारशे किलोमीटर वाहत बुलडाण्यापर्यंत येणार. कोणाच्या वावरातून जाणार, मोबदला किती मिळणार, आपल्या हयातीत येणार का? सगळे प्रश्न रास्तच. मी ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला बसून वाचतो. पूर्णेच्या खोऱ्यात इतकं पाणी मुरलं तर जमिनीखालचं मीठ कुठे जाणार, हे मात्र कोणीच विचारत नाही.

खारपाणपट्टा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना काळी, भारी जमीन आहे आणि तिच्याखाली खारं पाणी. गावच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून कित्येक खेड्यांना धरणाचं पाणी पाइपाने आणावं लागतं. शेती पावसाच्या भरवशावर. पण पाऊस दगा देऊ लागला तशा बोअर वाढल्या. दर्यापूरकडचा माझा चुलतभाऊ म्हणतो, “पाणी खारं असलं तं काय झालं, पऱ्हाटी तं जगते ना!” जगते, खरंच. कापूस बऱ्यापैकी खारटपणा सोसतो. प्रश्न जमिनीचा आहे.

साधा हिशेब करू. ईसी म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता, खारटपणाचं माप; आकडा जितका मोठा तितकं पाणी खारं. ईसी १ (डेसीसायमन प्रति मीटर) असलेल्या पाण्यात लिटरमागे साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. वर्षभरात अशा पाण्याच्या पाळ्या मिळून अर्धा मीटर पाणी दिलं, तर एकरी सव्वा टनाच्या वर मीठ आपण स्वतःच्या हाताने वावरात टाकतो. आमच्याकडच्या अनेक बोअरचं पाणी याहून खारं आहे. पीक पाणी पितं, ऊन पाणी उडवतं. मीठ मात्र तिथेच राहतं. उन्हाळा वाढला की पाळ्या वाढतात, म्हणजे मीठही वाढतं. शिवाय तापलेली काळी जमीन खालचा ओलावा वर ओढते आणि त्याच्याबरोबर क्षारही वर येतात.

“पावसाळ्यात धुऊन जाईल” हे ग्रुपवरचं ठरलेलं उत्तर. वाळूमिश्रित जमिनीत कदाचित जाईल. पूर्णेकाठच्या चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या जमिनीत हा सोडियम चिकणमातीच्या कणांना धरून बसलेला असतो. तिच्यावर पावसाचं गोडं पाणी जोरात पडलं की कण सुटे होतात, वरची भोकं बुजतात आणि पाणी मुरायचं थांबतं. वर तळं, खाली कोरडं. त्या मातीत ना मुळांना हवा, ना सूक्ष्मजीवांना. हल्ली पाऊस महिनाभर दडी मारतो आणि मग एका रात्रीत कोसळतो, म्हणजे नेमका या मातीला न मानवणारा. कृषी विद्यापीठ जिप्सम आणि धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) सांगतं ते बरोबरच आहे. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं, पण हुसकावलेल्या सोडियमला बाहेर जायला वाट नको? बांधापुढे चर नसेल तर तो जाणार कुठे?

मी राहतो तिथे ही वाट कागदावर दिसते. १९८८ च्या धोरणापासून मरे-डार्लिंग खोऱ्यातली राज्यं क्षारांचा जमाखर्च मांडत आली आहेत. नवं सिंचन आलं की त्या राज्याच्या नावे खर्च पडतो. खारं भूजल नदीत उतरण्याआधी उपसून बाजूला नेलं की जमा. मॉर्गन गावाशी मरे नदीचं पाणी ९५ टक्के वेळ ०.८ ईसीच्या खाली ठेवायचं, हे त्यांचं ठरलेलं माप. उपसलेलं खारं पाणी वायकेरीजवळच्या स्टॉकयार्ड प्लेनसारख्या सखल जागी नेऊन उन्हात आटवतात.

हे सगळं उचलून विदर्भात न्या, असं मी म्हणणार नाही. इथे उजाड जागा मुबलक आहे. आमच्याकडे तेवढ्या जागेवर पाच-सहा गावं नांदतात. शिवाय हा जमाखर्च नदीचा आहे, मातीचा नाही. ‘मिलेनियम दुष्काळ’ म्हणतात त्या इथल्या लांबलेल्या दुष्काळात, २००८-०९ साली, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या मरेकाठच्या बागायतदारांना हक्काच्या पाण्यापैकी फक्त १८ टक्के मिळालं. ठिबकवर झाडापुरतं पाणी दिलं तर झाड तगतं, पण मीठ खाली लोटायला पाणी उरत नाही आणि ते मुळाशीच साचतं. महाराष्ट्रात ठिबक म्हणजे रामबाण असं मानणाऱ्यांनी हे जरूर बघावं. खाऱ्या पाण्यावर ठिबक लावलं तरी अधूनमधून गोड्या पाण्याने जमीन धुवावीच लागते.

ते गोडं पाणी आज शेततळ्यात मिळू शकतं. या जमिनीत पाणी फारसं झिरपत नाही, ही तिची खोड तळ्याच्या कामी येते. एक-दोन संरक्षित पाळ्या त्यातून द्याव्यात आणि खारी बोअर होता होईल तो बंद ठेवावी, असं माझं मत. चुलतभावाला ते पटत नाही. तीन एकरांतली दहा गुंठे तळ्यात घालवायची कोणी, हा त्याचा सवाल, आणि त्याचं उत्तर ॲडलेडहून देणं सोपं आहे म्हणूनच मी देत नाही. पण कालव्याचं पाणी तिथे पोचायच्या आधी गावोगावी भूजलाची पातळी आणि ईसी मोजायला नळ्या बसवाव्यात, आणि निचऱ्याच्या चरांचा खर्च कालव्याच्याच अंदाजपत्रकात धरावा, ही मागणी आता करायला हवी. कृष्णाकाठी शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्यांना जमिनी पांढऱ्या पडल्यावर निचऱ्याच्या नळ्या गाडाव्या लागल्या, आणि तिथे तर सुरुवातीला पाणी गोडं होतं.