धुरा कोरणाऱ्याचा कायदा

२०२५ चा पोळा झाला होता, गणपती बसले होते आणि फाट्यावर लाइन नव्हती. शालिकभाऊ मोबाइलच्या उजेडात खर्रा घोटत होता. पन्नीवर सुपारी, वर चुन्याचं बोट, मग तंबाखू, आणि लाकडावर तळहाताने खर्र-खर्र. या आवाजात बोलायचं म्हणजे जरा ओरडूनच बोलावं लागतं, त्यामुळे आमच्या ठेल्यावरची साधी विचारपूससुद्धा लांबून भांडणासारखी ऐकू येते.

"डिसेंबरपर्यंत वाढवली म्हनते शुल्काची माफी," पुंडलिक म्हणाला. "थो ट्रम्प तिकडून आपल्या मालावर ५० टक्के लावते, अन् आपन इकडून बाहेरून येनाऱ्या कापसावरचे ११ काढतो. बरी सोयरीक हाय."

"ज्याची लाठी त्याची म्हैस!" गजू.

गजूची ही म्हण ग्रामपंचायतीपासून गाझापर्यंत कुठेही चालते. घरी म्हैस नाही, दूध विकतचं. पण लाठीचा विषय निघाला की त्याची छाती दोन बोटं पुढे येते.

"डब्ल्यूटीओ नावाची जगाच्या व्यापाराची पंचायत हाय का नाई मंग?" पुंडलिक म्हणाला, आणि सगळ्यांनी वकिलाकडे पाहिलं. वकील म्हणजे आमचा वकील. एलएलबी तिसऱ्या झटक्यात निघाली आणि अजून काळा कोट शिवायचा आहे. पण आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पेपरात दोनदा नापास झाल्याने तो विषय त्याचा तीनदा वाचून झालेला.

"हाय नं. कापसावरच मोठी केस झाली. २००२ मध्ये ब्राझीलनं अमेरिकेले ओढलं. म्हने तुमी तुमच्या कास्तकारायले अनुदान देता, आमचा भाव पाडता. अमेरिका हरली, अपिलातबी हरली. तरी ढिम्म. मंग २००९ मध्ये ब्राझीलले परवानगी भेटली, का तू याच्या मालावर जादा शुल्क लाव, वेळ पडली तर याचे पेटंटबी मोड. तवा कुठं अमेरिका टेबलावर आली."

"अन् अनुदान बंद केलं?"

"नाई. ब्राझीलच्या कास्तकारायलेबी पैसे द्याले लागली. वर्षाले १४ कोटी ७३ लाख डॉलर."

खर्रा घोटायचा थांबला. "म्हंजे आपल्या पोराची खोडी मोडाची सोडून शेजाऱ्याच्या पोराले गोळ्या देल्ल्या?"

"तसंच. २०१४ मध्ये आखरी ३० कोटी डॉलर देऊन मिटवलं."

"अन् आपल्याले काय?"

"आपन कुठं केस टाकली? माली, बेनिन, चाड, बुर्किना फासो, हे कापसावरच जगनारे देश. थे नुसते ओरडत रायले. ब्राझील मोठा गडी होता म्हनून जमलं."

"म्हंजे लाठीच!" गजू मांडीवर थाप मारून ओरडला. "मी काय म्हनून रायलो मंग? पोलीस नाई, जेल नाई, त्याले कायदा कायले म्हनता बे?"

"असंच ऑस्टिन नावाचा कायद्याचा पंडित म्हनत होता," वकील म्हणाला. "१८३२ मध्ये. कायदा म्हंजे राजाचा हुकूम, मोडला तर शिक्षा. देशायच्या वर राजा नाई, म्हनून थो कायदाच नाई. नुसती रीतभात."

"ऑस्टिन थे मोटार होती नं?" नानाजींनी विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही. गजू मात्र खूश. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचा इंग्रज आपल्या मताचा निघाला, हे त्याच्या चेहऱ्यावर इतकं दिसत होतं की मला त्याला चहा पाजावासा वाटला. पाजला नाही. मागचा उधार होता.

मग शालिकभाऊ बोलला. हा माणूस सातवी शिकलेला आहे, पण ठेल्यावर पंचवीस वर्षं सगळ्यांचं ऐकून ऐकून त्याचं डोकं वकिलाच्या दुप्पट चालतं, हे मी वकिलासमोरही म्हणतो.

"गजू, तू रामाजीचा धुरा कोरतं का नाई?" धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध.

रामाजी बाकाच्या टोकाला बसले होते. संध्याकाळपासून त्यांनी एक शब्द काढला नव्हता. कपातला चहा हलवत राहिले.

"कोन म्हनते कोरतो? माह्या आज्याच्या टायमाले धुरा बोरीपाशीच होता!"

"हे पाय. मी धुरा गिरा मानत नाई, असं म्हनलं का तू कधी? नाई म्हनलं. तू म्हनतं धुरा हाय, पन थो तिकडे हाय. कोरनाऱ्यालेबी धुऱ्याचंच नाव घ्या लागते. लाठीच पुरली असती तं आज्याले कायले मधात आनलं असतं?"

वकील उठून उभाच राहिला. "शालिकभाऊ, हे तं हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टानं लिवलं हाय! १९८६, निकाराग्वा नावाच्या देशाची केस. अमेरिकेनं त्याच्या बंदरात सुरुंग पेरले, बंडखोरायले पैसे देल्ले. पन आमची मर्जी असं म्हनली का? म्हने एल साल्वाडोरच्या बचावासाठी केलं. म्हंजे दुसऱ्याच्या वावरात घुसू नये, हे कबूलच. कोर्ट म्हनलं, मोडनारा अपवादाच्या आड लपते तवा नियम पक्काच होते."

"भरपाई भेटली?" गजू.

"नाई. सुरक्षा परिषदेत अमेरिकेनं व्हेटो मारला. १९९१ मध्ये निकाराग्वानं केस मागे घेतली."

"मंग!"

"मंग काय मंग," शालिकभाऊ म्हणाला. "गावात किती धुरे हाय, अन् भांडनं कितीयवर? चारांवर. आपन त्या चारांचीच गोठ करतो. बाकीचे रोज पाळतेच नं?"

रोज पाळल्या जाणाऱ्या नियमांचं उदाहरण म्हणून वकिलाने नागपूरवरून जाणारी विमानं आणि विमान वाहतुकीचा १९४४ चा शिकागो करार काढला. तो कोणी फारसा ऐकला नाही. पाकिस्तानने फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधवांच्या हेगमधल्या केसचं मात्र ऐकलं, कारण वकिली हरीश साळव्यांनी केली होती, एका रुपयात, आणि साळवे म्हणजे नागपूरचे, म्हणजे आपलेच. जुलै २०१९, १५ विरुद्ध १. एकटा उलटा गेला तो पाकिस्तानने नेमलेला न्यायाधीश.

"सुटला?" नानाजी.

"नाई. फाशी थांबली. भेटू देल्लं पायजे, फेरविचार केला पायजे, असं कोर्ट म्हनलं. सोडा असं नाई म्हनलं."

थोडा वेळ कोणी बोललं नाही. गजूसुद्धा लाठी विसरला. मग त्याला ती आठवली.

"माह्यावर आरोप करता तं मोजनी आना! सरकारी! मी कुठं नाई म्हनतो?"

रामाजींनी कप खाली ठेवला. "आनली होती बाबू. दोन साल झाले. तुले नोटीस आली होती. तू त्या दिवशी पांढरकवड्याले बजाराले गेला."

"माह्यासमोर झालीच नाई थे! मी नाई मानत!"

वकील हसून हसून बाकावरून सरकला. "अमेरिकाबी आली नव्हती बे! १९८५ मध्ये उठून गेली, निकालाले हजरच नाई!" त्यानंतर गजूचं नावच अमेरिका पडलं. नानाजींनी तर "अमेरिका, माचिस दे" म्हणून सुरुवातही केली.

"बरं, आता धुरा दोन ओळी मागे तं घे," पुंडलिक म्हणाला. "सारे बसले हाय, शब्द दे."

"पऱ्हाटी उभी हाय नं त्याच्यात," गजू म्हणाला. "बोंडं धरली. आता कसं घेऊ?"

रामाजीही हसले. शालिकभाऊने खर्ऱ्याची पुडी बांधून गजूच्या हातात दिली आणि वहीत लिहिलं.