आयरिश ख्रिसमस म्हणे ड्रुइडांचा!

डिसेंबर आला की तो फॉरवर्ड परत फिरायला लागतो: आयर्लंडमधल्या ख्रिसमसच्या सगळ्या प्रथा मूळच्या ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्टिक पुजाऱ्यांच्या, पाच हजार वर्षं अखंड चालू, चर्चने फक्त नाव बदललं. वाचायला भारी आहे, पण खरं नाही.

फोटो कायम न्यूग्रेंजचा असतो, तर आधी तेच घेऊ. आयर्लंडमधलं हे थडगं इ.स.पू. 3200 च्या आसपासचं, गिझाच्या पिरॅमिडच्याही आधीचं, आणि ड्रुइडांबद्दलचं जुन्यात जुनं लिखाण धरलं तरी मध्ये तीनेक हजार वर्षं जातात, मग बांधलं ड्रुइडांनी कसं? सूर्य आत शिरतो अशी गावात ऐकीव गोष्ट होती हे खरं, म्हणून तर उत्खनन करणारे ओ'केली 1967 च्या 21 डिसेंबरला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या सुमारास, पहाटे आत जाऊन बसले आणि दारावरच्या झरोक्यातून किरण आलेला बघितला. पण ऐकीव गोष्ट म्हणजे अखंड सण नव्हे. शिवाय जुने आयरिश मोठे सण चार, नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे आणि ऑगस्टच्या सुरुवातीचे. डिसेंबरचा त्यात एकही नाही!

दुसरं, रेन पक्ष्याचा 'बळी'. 26 डिसेंबरला पोरं हा चिमुकला पक्षी मारून होली नावाच्या काटेरी पानांच्या झाडाच्या फांदीला बांधायची आणि गवताचे पोशाख घालून, तोंडं रंगवून, त्याच्या 'अंत्यविधीसाठी' दारोदार पैसे मागायची. केरीतल्या डिंगल गावात आजही मिरवणूक निघते, पण पक्षी खोटा. या शिकारीचं वर्णन मिळतं ते 17व्या शतकाच्या शेवटी, आणि त्यात कारण काय दिलंय तर रेनने ढोलावर चोची मारून हल्ल्याच्या वेळी झोपलेल्या शत्रूच्या, प्रोटेस्टंट सैन्याला जागं केलं म्हणून कॅथलिक आयरिश लोकांचा राग. दुसरी गोष्ट सांगते की त्याने लपलेल्या सेंट स्टीफनला, म्हणजे ज्याचा सण 26 डिसेंबरला असतो त्या ख्रिस्ती हुतात्म्याला, पकडून दिलं. दोन्हींत ड्रुइड कुठेच नाहीत, ते लोकांनी नंतर घुसवले.

खिडकीतली मेणबत्ती म्हणे सूर्यपूजा. घरोघरी सांगतात ते वेगळंच, मेरी आणि जोसेफला रात्री आसरा मिळावा म्हणून ती लावायची, आणि बऱ्याच घरांत मान सगळ्यात धाकट्या पोराचा.

राहिली 6 जानेवारीची नॉलिग ना मन, म्हणजे 'बायकांचा ख्रिसमस', तिला हे लोक देवीचा उत्सव करून टाकतात. अहो, तो एपिफनीचा, म्हणजे बाळ येशूला भेटायला ज्ञानी पुरुष आले त्याचा ख्रिस्ती सण, आयर्लंडच्या नैऋत्येला कॉर्क-केरीकडे बायकांना घरकामातून सुट्टी, चहा-केक, गप्पा. त्याच्या आदल्या रात्रीची एक प्रथा मात्र जबरी आहे, चाळणीत ओट्स भरून बारा मेणबत्त्या खोचायच्या. काही ठिकाणी घरातल्या प्रत्येकाच्या नावाची वात लावायची, ज्याची आधी विझेल तो आधी मरणार. एवढं अंगावर येणारं प्रकरण हाताशी असताना यांना ड्रुइडच कशाला लागतात कुणास ठाऊक.