यादीत नाव आले म्हणजे देणे लागते का?

सरकारी येणे वसूल करण्यासाठी एका खात्याने दुसऱ्या खात्याकडून माणसाची माहिती घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणत्या अटींवर, या प्रश्नावर नाशिकच्या अशोक स्तंभाजवळच्या आमच्या कट्ट्यावर गेल्या आठवड्यात जो वाद झाला, तो लिहून ठेवण्याजोगा वाटला म्हणून हा मजकूर. वादाला निमित्त झाले अण्णांनी खिशातून काढलेला एक कागद. अण्णा निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. त्यांच्या चुलतभावाला पीएम-किसान योजनेत मिळालेले सगळे हप्ते परत भरण्याची नोटीस आली होती. कारण एका ओळीत उरकले होते: आयकरदाता असल्याने अपात्र. कोणत्या वर्षाचा आयकर, किती रुपये, ही माहिती कोणी पुरवली, यांपैकी काहीही त्या कागदावर नव्हते.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये, २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत मिळतात, आणि मागील कर निर्धारण वर्षात ज्याने आयकर भरला आहे तो त्यातून वगळला जातो. नियम चांगला आहे, त्याबद्दल कट्ट्यावर कोणाचेच दुमत नव्हते. मात्र अण्णांच्या भावाने कर भरलेलाच नाही. रस्त्यासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याची बँकेत ठेव होती, तिच्या व्याजावर बँकेने टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला, आणि तो परत मिळावा म्हणून त्याने रिटर्न भरले. देय कर शून्य निघाला आणि कापलेली रक्कम परत आली. रिटर्न भरणे आणि कर भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोटीस काढणाऱ्याने हा फरक पाहिला होता की नाही, हे नोटिशीवरून कळण्यास मार्ग नव्हता.

तात्या महसूल खात्यातून मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झाले आहेत आणि सरकारी कामाची बाजू ते मनापासून मांडतात. त्यांचे म्हणणे असे की, आयकर भरणारे असंख्य लोक या योजनेचे पैसे घेत होते आणि आयकर खात्याच्या नोंदी ताडून पाहिल्या नसत्या तर त्यांतला एकही सापडला नसता. लाडकी बहीण योजनेतही चारचाकीची माहिती परिवहन खात्याकडून घ्यावी लागली, कारण अर्जदार स्वतःहून ती सांगत नव्हते. “अण्णा, नोटीस म्हणजे निकाल नव्हे,” ते म्हणाले. “तुमच्या भावाने कागद घेऊन जावे, दाखवावे, विषय संपेल. आणि एका कार्यालयाची नोंद दुसऱ्याने वापरणे हे आजचे आहे का? सोसायटीचे कर्ज काढले की सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा चढतो. तो सगळ्या गावाला दिसतो. त्यावर कोणी कधी तक्रार केली?”

हा मुद्दा वजनदार होता आणि वकीलसाहेबांनी तो नेमका तेथेच धरला. सातबाऱ्यावर नोंद येते ती फेरफाराने, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीने. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे तलाठ्याने फेरफार नोंदवहीत नोंद घ्यायची, चावडीवर लावायची, संबंधितांना कळवायचे, हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढवायची, आणि हे सगळे झाल्यावर मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची. “तात्या, तुम्ही आयुष्यभर हेच केलेत,” वकीलसाहेब म्हणाले. “हरकतीची मुदत संपल्याशिवाय तुम्ही कधी सही केलीत का? मग दिल्लीहून आलेल्या यादीला हरकतीची मुदत का नको?” तात्यांनी यावर लगेच उत्तर दिले नाही. माझ्या मते संपूर्ण चर्चेतला सर्वांत मोलाचा मुद्दा हाच होता. गावपातळीवरच्या जुन्या, कागदी आणि संथ पद्धतीत नोंद पक्की होण्याआधी माणसाला बोलण्याची जी संधी होती, तीच नोंदींच्या नव्या देवाणघेवाणीत गळून पडत आहे.

ताई सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब विभाग सांभाळतात, त्यामुळे परताव्यांची रखडपट्टी त्यांना रोजची आहे. त्यांनी आठवण करून दिली ती आयकराच्या जुन्या मागण्यांची. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २४५ ने खात्याला जुनी थकबाकी चालू परताव्यातून वळती करून घेण्याचा अधिकार दिला, पण त्याआधी करदात्याला लेखी कळवणे बंधनकारक केले. अधिकाऱ्यांच्या जुन्या नोंदवह्यांतल्या मागण्या जेव्हा बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राच्या संगणकात चढवल्या गेल्या, तेव्हा त्यांत फिटलेल्या आणि चुकीच्या मागण्याही गेल्या आणि त्यांपोटी लोकांचे परतावे कापले गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने या गोष्टीची स्वतःहून दखल घेतली आणि २०१३ मध्ये आधी कळवण्याची व उत्तर ऐकून घेण्याची पद्धत पाळण्याचा आदेश दिला. त्यानंतर २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनीच सांगितले की १९६२ पासूनच्या किरकोळ मागण्या अजून दप्तरी आहेत आणि त्यांमुळे प्रामाणिक करदात्यांचे परतावे अडतात. २००९-१० पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या काळातल्या १०,००० रुपयांपर्यंतच्या मागण्या तेव्हा मागे घेतल्या गेल्या. त्याचा लाभ सुमारे एक कोटी करदात्यांना होईल असे तेव्हा सांगण्यात आले. ताईंचा प्रश्न साधा होता: ज्या खात्याची नोंद त्याच्या स्वतःच्या घरात इतकी वर्षे चुकीची राहू शकते, ती दुसऱ्या खात्याच्या हाती गेल्यावर आपोआप बरोबर कशी होणार?

कट्ट्यावर सगळ्यांत धाकटा तो वकीलसाहेबांचा भाचा. तो सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याचे म्हणणे की हे सगळे नावांवरून जुळवणी करण्याच्या काळातले दोष आहेत. एका गावात एकाच नावाचे, एकाच वडिलांच्या नावाचे आणि एकाच आडनावाचे तिघे असतात, म्हणून गोंधळ होतो; आधार आणि पॅन जोडले गेले की हा गोंधळ राहत नाही. यात तथ्य आहे. पण आधार क्रमांक माणूस कोणता हे सांगतो. त्याच्याकडून किती येणे आहे आणि ते का येणे आहे, हे तो सांगू शकत नाही. अण्णांच्या भावाच्या बाबतीत माणूस अगदी बरोबर शोधला गेला होता. चूक माणसाची नव्हती, आकड्याच्या अर्थाची होती.

याच ठिकाणी मी ऑस्ट्रेलियातल्या ‘रोबोडेट’ प्रकरणाचा विषय काढला, कारण तेथेही माणसे बरोबरच शोधली गेली होती. बेरोजगारी भत्त्यासारखी मदत पंधरवड्याच्या उत्पन्नावर ठरत असे. कर खात्याकडे मात्र वर्षाचे एकूण उत्पन्न होते. मदत देणाऱ्या खात्याने ते वार्षिक उत्पन्न सव्वीस पंधरवड्यांत सारखे वाटले आणि ज्याने वर्षातले चार महिने काम केले व आठ महिने बेकार काढले, तो वर्षभर कमावत होता असे गृहीत धरून त्याच्या नावे देणे काढले. ते खोटे आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावर टाकली. कित्येक वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या त्याने शोधून आणायच्या. २०२० मध्ये तिथल्या सरकारला ४ लाख ७० हजार देण्यांपोटी वसूल केलेले ७२ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर परत करण्याची घोषणा करावी लागली, आणि २०२३ मध्ये रॉयल कमिशनने ही योजना न्याय्यही नव्हती आणि कायदेशीरही नव्हती असा निष्कर्ष काढला. तिथे घेणेकरी सरकारच होते, देणे ठरवणारेही सरकारच, आणि जिच्या आधारे ते ठरवले ती नोंदही सरकारचीच. मध्ये उभा राहून “थांबा, हा आकडा कशाचा आहे?” असे विचारणारे माणूस काढून टाकले होते.

तात्या मात्र हटले नाहीत, आणि त्यांनी पुढे मांडलेले उदाहरण आमच्यापैकी कोणालाच नाकारता आले नाही. नाशिकमध्ये घरासाठी पैसे भरून बसलेल्या, ताबा न मिळालेल्या माणसाला महारेराकडून, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडून, पैसे परत करण्याचा आदेश मिळतो. बिल्डर पैसे देत नाही. रेरा कायद्याच्या कलम ४०(१) प्रमाणे ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची असते, म्हणून वसुलीचे काम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तहसील कार्यालयाकडे येते. “आणि मग तहसीलदाराने काय करायचे?” तात्यांचा आवाज चढला. “त्या बिल्डरची जमीन कोणत्या तालुक्यात आहे, बँकेत खाते कुठे आहे, गाड्या कोणाच्या नावावर आहेत, हे नोंदणी कार्यालयाने, बँकेने, परिवहन खात्याने सांगितलेच नाही तर जप्ती कशावर करायची? तुमच्या खाजगीपणाचा फायदा तिथे कोणाला होतो, ते बघा. घर घेणाऱ्या गरिबाला होतो का?”

तात्या बरोबर बोलत होते, आणि म्हणूनच माझे मत अधिक स्पष्ट झाले. नोंदींची देवाणघेवाण दोन वेगळ्या कामांसाठी होते आणि आपण ती दोन्ही एकाच नावाखाली बोलतो. महारेराच्या प्रकरणात देणे आधीच ठरलेले आहे. दोन्ही बाजू ऐकून, लेखी आदेशाने ठरलेले आहे. तिथे इतर खात्यांकडून माहिती मागायची ती देणेकऱ्याची मालमत्ता शोधण्यासाठी, आणि ती मागितलीच पाहिजे. किंबहुना ती वेळेवर मिळत नाही हीच तक्रार आहे. पीएम-किसानच्या नोटिशीत दुसऱ्या खात्याच्या नोंदीवरून देणेच ठरवले गेले. तिथे ती नोंद हा संशय आहे, पुरावा नाही, आणि संशयावरून चौकशी करता येते, वसुली करता येत नाही. हा फरक सोडला तर पैसे बुडवणारा मोठा थकबाकीदार आणि शून्य कराचे रिटर्न भरणारा शेतकरी हे दोघेही एकाच चाळणीतून जातील, आणि त्यांत वकील कोणाला परवडतो हे सांगायला नको.

वकीलसाहेबांनी यात एक भर घातली. देणे ठरल्यानंतरही सगळेच हाताला लागलेले घेता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने सरकारी निवृत्तिवेतन जप्तीतून वगळले आहे आणि पगाराचाही मोठा भाग राखून ठेवला आहे. भविष्यनिर्वाह निधीलाही कायद्याने असेच संरक्षण आहे. पण वसुलीचे पत्र थेट बँकेत गेले की बँकेला खात्यात फक्त शिल्लक दिसते. ती पेन्शनची आहे की भाड्याची, हे त्या आकड्यावर लिहिलेले नसते. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याचाही ज्यांना मोठा भरवसा वाटतो त्यांनी त्याचे कलम १७ वाचावे, असे ते म्हणाले. वित्तीय संस्थेचे कर्ज थकवणाऱ्याची मालमत्ता आणि देणी शोधण्यासाठी माहिती वापरली, तर माहिती पाहण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा त्या कायद्यातला हक्क तिथे लागू होत नाही. ज्या ठिकाणी चुकीच्या नोंदीचा फटका सर्वांत जोराचा बसतो, नेमका तिथेच दुरुस्तीचा हा हक्क नाही.

महापालिकेने २०२२ मध्ये घरपट्टीच्या थकबाकीदारांच्या दारात ढोल वाजवले होते, त्याचाही विषय निघाला. त्यावर फार वेळ गेला नाही. महिन्याला दोन टक्के शास्ती लावण्याचा अधिकार असताना गल्लीला ऐकवून वसुली करणे मला तेव्हाही पटले नव्हते. पण निदान ते देणे महापालिकेच्या स्वतःच्या नोंदवहीतले होते.

मग उपाय काय, यावर वकीलसाहेबांनी अमेरिकेच्या १९८८ च्या कायद्याचा दाखला दिला. तिथल्या केंद्रीय खात्यांनी संगणकावर नोंदी जुळवल्या तरी त्या जुळणीवरून लगेच कोणाचा लाभ बंद करता येत नाही किंवा कापता येत नाही. आधी माहितीची स्वतंत्र पडताळणी करावी लागते, संबंधिताला काय आढळले ते कळवावे लागते आणि उत्तरासाठी साधारणपणे ३० दिवस द्यावे लागतात. तात्यांनी लगेच विचारले, “आणि ही पडताळणी करणार कोण? एकेका तलाठ्याकडे किती गावांचा भार आहे, माहीत आहे का? वर पीक पाहणी, पंचनामे, निवडणुका. त्याच्या डोक्यावर अजून एक यादी टाकायची?”

ही अडचण खरी आहे आणि ती मान्य केल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. माझे उत्तर असे होते की, पडताळणीचा भार नोंद पुरवणाऱ्या आणि वसुली मागणाऱ्या खात्यांनी उचलावा, गावच्या तलाठ्याने नव्हे. आणि किमान नोटिशीत तरी कोणत्या खात्याची, कोणत्या वर्षाची, कोणत्या रकमेची नोंद आधाराला घेतली ते छापावे. भाच्याने सांगितले की यासाठी माणूसबळ लागतच नाही, कारण जुळवणी करणाऱ्या संगणकाकडे या तिन्ही गोष्टी असतातच. त्या नोटिशीच्या नमुन्यात घालायच्या एवढेच. वकीलसाहेबांना हे अपुरे वाटले. छापील आधार मिळाला तरी समोर बसून ऐकून घेणारा अधिकारी नसेल, तर माणूस पोर्टलवर हरकत नोंदवून वाट पाहत बसेल, असे त्यांचे म्हणणे.

तात्या नमुन्यात आधार छापण्याला तयार झाले, सुनावणीलाही तयार झाले. पण सुनावणी होईपर्यंत पुढचे हप्ते रोखून धरावेत, यावर ते ठाम राहिले, कारण एकदा दिलेले पैसे परत मिळवायला सरकारला किती वर्षे लागतात हे त्यांनी पाहिले आहे. अण्णांचे म्हणणे की ऑक्टोबरच्या छाटणीला मजुरी रोख द्यावी लागते आणि त्या वेळी अडकलेला हप्ता सहा महिन्यांनी मिळून उपयोग नसतो. सुनावणीला मुदत घालावी आणि त्या मुदतीत निर्णय झाला नाही तर हप्ता सोडावा, असे मी सुचवले. ती मुदत ३० दिवस असावी की ९०, यावर तात्या आणि अण्णा यांचे अजून जमलेले नाही.