ते फॉरवर्ड भाषणात घालू नकोस

माझा भाचा नववीत आहे. वक्तृत्व स्पर्धेला त्यानं लिंकन हा विषय घेतलाय. परवा फोनवर भाषण म्हणून दाखवताना दुसऱ्याच मिनिटाला तो म्हणाला, ‘अमेरिकेतलं यादवी युद्ध गुलामगिरीवरून झालंच नव्हतं.’ कुठून आणलंस हे, असं विचारलं तर म्हणे धाकट्या आजोबांनी ग्रुपवर टाकलंय. धाकटे आजोबा म्हणजे माझे काका. ‘अमेरिकेचा लपवलेला इतिहास’ हा मेसेज माझ्याकडेही तीनदा आला होता आणि मी तो न वाचता सोडून दिला होता. आता नीट वाचला, आणि संताप आला.

पहिला दावा असा की भांडण आयात कराचं आणि राज्यांच्या हक्कांचं होतं. हे तपासायला इतिहासकारही लागत नाही, देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांनीच आपली कारणं लिहून ठेवलीत. साउथ कॅरोलायना २० डिसेंबर १८६० ला सगळ्यांच्या आधी बाहेर पडलं आणि चार दिवसांनी त्यांनी कारणांचा जाहीरनामा काढला. त्यात आयात कराची तक्रारच नाही. तक्रार आहे ती ही की उत्तरेतली राज्यं पळालेले गुलाम परत देत नाहीत, न्यूयॉर्क तर गुलाम बरोबर घेऊन नुसतं जाऊही देत नाही, आणि आता गुलामगिरीच्या विरोधातला माणूस, म्हणजे लिंकन, राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलाय. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपला हक्क बजावला, याचाच यांना राग होता. मिसिसिपीनं आपली भूमिका गुलामगिरीशी पूर्ण एकरूप असल्याचं सरळ लिहिलं. दक्षिणेच्या नव्या राज्यघटनेत तर गुलामांवरची मालकी नाकारणारा कायदा त्यांच्या काँग्रेसला, म्हणजे संसदेला, करताच येणार नाही, असं कलम होतं. राहिला कर. तो वाढवणारा कायदा मार्च १८६१ मध्ये झाला. तोवर सात राज्यं बाहेर पडली होती, आणि विरोध करणारे त्यांचे सिनेटर उठून गेले म्हणून तो मंजूर होणं सोपं झालं.

दुसरा दावा लिंकनच्या पत्राचा: ‘एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचत असेल, तर मी तसं करीन.’ हे पत्र खरं आहे, ऑगस्ट १८६२ चं. नाइलाजानं मान्य करते की युद्धाच्या सुरुवातीला त्याचं ध्येय देश एकसंध ठेवणं एवढंच होतं. उत्तरेकडची राज्यंही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. गुलामांनी वेचलेल्या कापसावर न्यूयॉर्कचे व्यापारी आणि न्यू इंग्लंडच्या गिरण्या गब्बर झाल्या होत्या. पण हे पत्र लिहिण्याच्या महिनाभर आधीच लिंकननं मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता. सगळीकडची सगळी माणसं मुक्त असावीत ही माझी वैयक्तिक इच्छा आहे, असं त्याच पत्राच्या शेवटी आहे. फॉरवर्ड करणाऱ्यानं ते वाक्य कापलंय.

तिसऱ्या दाव्यानं मात्र माझी झोप घालवली. ‘मालक गुलामांना घरच्यासारखं वागवत, म्हणून ते सुखी होते.’ ‘घरच्यासारखं’ हा शब्द आपल्याकडेही राबवून घेणाराच वापरतो, राबणारा नाही. व्हर्जिनियात १६६२ पासून कायदा होता की मूल आईच्या दर्जाचं. आई गुलाम असेल तर मूल गुलाम, मग बाप खुद्द मालक का असेना. मालकाला स्वतःच्या रक्ताचं मूल विकता येई. गुलामगिरीतून पळून सुटलेला लेखक फ्रेडरिक डग्लस, त्याला तान्हेपणीच आईपासून तोडलं होतं. ती दिवसभर शेतात राबून रात्री बारा मैल चालत त्याला भेटायला यायची आणि उजाडायच्या आत कामावर परत पोचायची. अशा भेटी उभ्या आयुष्यात चार-पाचच झाल्या, हे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. युद्धापूर्वीच्या सत्तर वर्षांत अंदाजे दहा लाख माणसं व्हर्जिनिया, मेरिलँडकडून खाली कापसाच्या मुलखात नेली गेली, त्यातली बरीचशी विकून. मुक्ती मिळाल्यावर या लोकांनी काय केलं? वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. माझी मुलगी अमक्या साली अमक्याला विकली होती, कुणाला ठाऊक असेल तर कळवा, आणि पाद्र्यांनी हे चर्चमध्ये वाचून दाखवावं. युद्ध संपून कित्येक वर्षं लोटली तरी अशा जाहिराती येत होत्या. काका, घरच्या माणसांना असं शोधावं लागतं का?

काळे लोक दक्षिणेच्या बाजूनं लढले म्हणे. काळ्यांना सैनिक म्हणून घ्यायला दक्षिणेच्या काँग्रेसनं मंजुरी दिली मार्च १८६५ मध्ये, आणि ९ एप्रिलला त्यांचा सेनापती ली शरण आला. उत्तरेच्या लष्करात तोवर सुमारे १,८०,००० काळे सैनिक भरती झाले होते.

‘आयरिश लोकही गुलामच होते’ यावर फार शब्द घालवत नाही. त्यांचे हाल झाले, पण मजुरीचा ठराविक वर्षांचा करार संपला की ते सुटत आणि त्यांची मुलं जन्मतः कुणाच्या मालकीची नसत.

शेवटचा दावा: युद्धानंतर उत्तरेच्या लुटारूंनी आणि अडाणी काळ्यांनी दक्षिण बुडवली. भ्रष्टाचार झाला, नाही म्हणत नाही. पण साउथ कॅरोलायनाच्या १८६८ च्या घटनेनं सगळ्या मुलांसाठी सरकारी शाळा आणल्या, आणि ती घटना लिहिणाऱ्यांत काळे प्रतिनिधी बहुसंख्य होते. आपल्या जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्याच वर्षी ईस्टरच्या दिवशी लुइझियाना राज्यात कोलफॅक्स गावी कोर्टकचेरीचं रक्षण करणाऱ्या काळ्यांची गोऱ्या टोळीनं कत्तल केली, शरण आलेल्यांनाही मारलं. सुप्रीम कोर्टानं १८७६ मध्ये दोषींना सोडून दिलं. त्याच लुइझियानात १८९६ ला १,३०,३३४ काळे मतदार होते, नवे नियम आले आणि १९०४ ला उरले १,३४२. बुडवलं कुणी कुणाला?

काका, तुम्ही मोठे आहात, पण तो मेसेज ग्रुपवरून काढा. स्पर्धा शनिवारी आहे. साउथ कॅरोलायनाचा जाहीरनामा मी पोराला पाठवलाय, आणि काल रात्री डिक्शनरी घेऊन त्याची दोन पानं वाचून झालीत.