चंदगडात हक्क आणि खानापुरात भीक? त्या फॉरवर्डला उत्तर

सीमाभागातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर जोरात फिरतोय. मतितार्थ असा: ‘महाराष्ट्रात सेवा हक्क कायदा आहे, दाखल्याला उशीर झाला की साहेबाला दंड बसतो. कर्नाटकात असला कायदाच नाही. मराठी अर्ज तर कचऱ्यातच जातो. एजंट धरा, नाहीतर हेलपाटे मारा.’ राग खरा आहे, माहिती मात्र अर्धीअधिक चुकीची.

कायदाच नाही? कर्नाटकाचा कायदा २०११ चा. ‘सकाला’ या नावाने तो २ एप्रिल २०१२ पासून राज्यभर लागू झाला, तोही ११ खात्यांच्या १५१ सेवांसाठी. महाराष्ट्राचा आला २०१५ मध्ये. म्हणजे महाराष्ट्रातल्या चंदगडच्या आधी तो कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीला मिळाला. आपण तो वापरला नाही, ही वेगळी गोष्ट. (दोघांच्याही आधी, २०१० मध्ये, मध्य प्रदेशाने केला होता.)

आता दंड. महाराष्ट्रात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो, पण तो अर्जदाराच्या हातात पडत नाही. सकालात उशिराच्या दर दिवसाला २० रुपये अर्जदाराला मिळतात आणि त्याचा भुर्दंड जबाबदार अधिकाऱ्यावर टाकता येतो. कमाल मर्यादा मात्र ५०० रुपये. पंचविसाव्या दिवशी मीटर बंद. पुढे सहा महिने लोंबकळत ठेवलं तरी तेवढेच. ही रक्कम थट्टाच आहे. शिवाय महाराष्ट्रात यासाठी स्वतंत्र आयोग आहे, इथे कर्नाटकात नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला तुलनाच करायची होती तर हा मुद्दा हाताशी होता, तोच नेमका सुटला.

पण खरी मेख वेगळीच आहे. नाडकचेरीत, म्हणजे दाखले देणाऱ्या स्थानिक महसूल कचेरीत, अर्ज दिला की पंधरा आकडी नंबर असलेली पोचपावती मिळायला हवी. मुदतीचं घड्याळ त्या नंबरापासून चालू होतं. खिडकीवर काय ऐकू येतं? ‘सर्व्हर डाऊन आहे, कागद ठेवून जा, नंतर चढवतो.’ आपण ठेवून येतो. नंबर नाही म्हणजे सरकारदरबारी अर्जच नाही, मग उशीर कसला? आकडेवारीत ती कचेरी वेळेवर चालणारीच दिसते.

दुसरी पळवाट त्याहून साळसूद. मुदत संपत आली की ‘कागदपत्रे अपुरी’ असा शेरा मारून अर्ज फेटाळायचा. मुदतीत निकाली काढला, हिशेबात बसला! कायद्याप्रमाणे नाकारण्याचं कारण लेखी द्यावं लागतं आणि नकारावरही अपील करता येतं, आधी सक्षम अधिकाऱ्याकडे, तिथे दाद नाही लागली तर अपील प्राधिकाऱ्याकडे. आपण मात्र नवा अर्ज भरतो, म्हणजे घड्याळ पुन्हा शून्यावर.

मराठीबद्दल फॉरवर्ड निम्मा खरा आहे. अर्जाचे नमुने कन्नड-इंग्रजीत, उतारा कन्नडमध्ये, ही रोजची अडचण आहेच. पण तक्रारीचं निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क घटनेच्या कलम ३५० ने दिलाय, बेळगावात मराठीतही. उत्तर मराठीतच मिळेल असं ते कलम म्हणत नाही. अपील करताना सोबत कन्नड प्रत जोडली तर टोलवाटोलवीला जागा उरत नाही. अभिमान गहाण पडत नाही त्याने.

राहिला एजंट. तो बहुतेक वेळा तेच करतो जे आपण टाळतो: नंबर पडेपर्यंत खिडकी सोडत नाही.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पोराच्या कॉलेज प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला याच महिन्यात लागतो, आणि तो देणारी कचेरी आज कर्नाटकाची आहे. फॉरवर्ड पुढे ढकलणाऱ्यांनी खिडकीवर पावती मागून बघावी. नाही दिली तर ‘अर्ज स्वीकारला नाही’ एवढंच लेखी मागावं.