आरव म्हणजे म्हणे शांत!

घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीच्या बागेत संध्याकाळी ‘आरव’ अशी हाक मारून बघा. घसरगुंडीवरून दोन, झोपाळ्यावरून एक आणि वॉचमनच्या केबिनमागून एक मूल वळून बघेल. चौघांच्याही आईबाबांनी नेटवरच्या नावांच्या यादीत अर्थ वाचलेला असतो : शांत. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, गलका, आरडाओरडा. कलरवातला ‘रव’ तोच. शांतच हवा होता तर नीरव ठेवायचा. मुलांना मात्र संस्कृत उपजत येत असावं, नावाला जागतात बिचारी.

माझं या याद्यांशी भांडण एवढंच, की तिथे दर दुसऱ्या नावाचा अर्थ सूर्य, विष्णू नाहीतर देवाची देणगी. रेयांश म्हणे रवीचा अंश. संधीचे नियम अजून रद्द झाले नसतील तर रवि अधिक अंश म्हणजे रव्यंश. अनय कानाला गोड लागतं. कोशात बघाल तर अनीती, दुर्दैव. कियाराची गंमत आणखी वेगळी. इटालियनमध्ये त्याचा अर्थ उजळ, आणि जवळच्या आयरिश नावाचा अर्थ सावळी, काळ्या केसांची. बाळ बघून अर्थ निवडावा! तेव्हा बारशाची पत्रिका छापण्याआधी आपट्यांचा संस्कृत कोश उघडा. 1890 पासून तो याच कामासाठी थांबलाय. ‘अ’ने सुरू होणारं नाव दोनदा तपासा, कारण पुढच्या चांगल्या शब्दाचा तो ‘अ’ बऱ्याचदा सत्यानाश करतो.

दुसरी चाचणी कोशात नाही. नावाला ‘या’ लावून बघा, कारण शाळेतली मुलं लावणारच. शिवांशचं काय होतं ते मोठ्याने म्हणू नका.

मग येतात आजोबा आणि त्यांचं अवकहडा चक्र, म्हणजे जन्मनक्षत्रावरून नावाचं पहिलं अक्षर काढायचा तक्ता. 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे 4 चरण, एकूण 108 अक्षरं. एक चरण ओलांडायला चंद्राला साधारण सहा तास लागतात, म्हणून हॉस्पिटलच्या कागदावरची जन्मवेळ नीट बघून घ्या. ‘पहाटे केव्हातरी’वर अक्षर निघत नाही. अश्विनीच्या वाट्याला चू, चे, चो, ला. चौथ्या चरणापर्यंत थांबलेलं बरं, पण बाळाला सांगणार कोण? आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला ङ, उत्तराभाद्रपदाच्या चौथ्याला ञ, हस्ताच्या तिसऱ्याला ण. या अक्षरांनी नाव सुरू होत नाही हे जुन्या ज्योतिषांनाही कळत होतं, म्हणून त्यांनी ङ, ञ, ण यांच्या जागी अनुक्रमे ग, ज, ड घ्यायची मुभा दिली. ‘ड’वरून मुलीचं नाव शोधणाऱ्या घरात आठवडाभर चहाला जाऊ नये. तोडगा जुनाच : चक्रातल्या अक्षरावरचं नावरस नाव जन्मपत्रिकेत, व्यवहारातलं वेगळं.

कानात ‘कुर्रर्र’ करायचा मान आत्याचा. नाव तिला आधीच कागदावर लिहून द्या. ऐरोलीहून निघून ती कापूरबावडीला ट्रॅफिकमध्ये अडकली, की तेवढ्या वेळात तिला आणखी एक नाव सुचतं.

महापालिकेचा दाखला त्या मानाने दयाळू. 1969 च्या कायद्याप्रमाणे जन्माची माहिती 21 दिवसांत जायला हवी. हॉस्पिटलात जन्म झाला तर ती तेच कळवतात. नावाची जागा मात्र रिकामी चालते. 12 महिन्यांच्या आत नाव टाकलं तर शुल्क नाही, पुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. घरचा व्हॉट्सॲप ग्रुप बघता कायदा करणाऱ्यांना मराठी कुटुंबांची चांगली माहिती असणार.

1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर बाळ, आई, वडील, आडनाव असा क्रम असतो, म्हणून चारही एका दमात म्हणून बघा. आणि दाखला छापण्याआधी इंग्रजी स्पेलिंग स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. आरवला एक ‘ए’ की दोन, हे आधी घरात ठरवून जा. खिडकीपाशी उभं राहून अंकशास्त्रवाल्या मावशीला फोन लावलात, तर मागची रांग जे नाव ठेवेल ते कुठल्याच यादीत नसतं.